आमच्या नावाचं लोखंड

समोर आलेली वस्तू आक्का आधी वाजवून बघायच्या. कमरेला, साडीच्या निऱ्यांशेजारी, एक लहानशी पितळी हातोडी खोचलेली असायची. साच्यातून काढलेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाग टेबलावर आला की त्याला त्या हातोडीनं हलकेच ठोकायच्या, मान तिरकी करून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बोलतंय की!" आवाज घंटेसारखा लांबला तर माल चांगला. 'ठक्' होऊन मिटला तर आत कुठंतरी तडा. मग हातोडी परत खोचत म्हणायच्या, "ह्ये गप बसलंय. काढा बाजूला."

ही सवय कारखान्यापुरती राहिली नव्हती. बाजारात माठ, कलिंगड, नारळ हे तर झालंच. पण कुणी नवं घर बघायला बोलावलं तर गिलाव्याची भिंतही वाजायची आणि घरमालक कावराबावरा व्हायचा. एकदा एक इंजिनिअर नोकरीसाठी भेटायला आला. त्याचं हेल्मेट त्यानं टेबलावर ठेवलं होतं. आक्कांनी बोलता बोलता त्याला हातोडी लावली आणि म्हणाल्या, "नोकरी दिली तुला. पर ह्ये गप बसलंय. आधी नवं घे आन् मगच कामावर ये. डोस्कं शाबूत पायजे माणसाचं."

माझी मुलाखत याहून सोपी झाली. मी जयसिंगपूरचा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करायचं शिकलेला. त्यांनी एवढंच विचारलं, "खोटं लिवायची येळ आली तर काय करशील?" मला वाटलं, ही परीक्षा आहे; मी मोठं तत्त्वाचं उत्तर जुळवू लागलो. त्या म्हणाल्या, "लई इचार करू नगंस. मला येऊन सांग, म्हंजे झालं." त्या दिवसापासून मी आक्कांचा 'एक्स्पोर्टवाला' झालो.

तुम्ही पुण्याकडच्या वाचकांनी आक्कांना बोलताना ऐकलं असतं तर क्षणभर गोंधळला असता. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारख्या त्याही 'मी जातो', 'मी बघतो' असंच म्हणायच्या. त्या बोलण्याला साजेसंच त्यांचं चालणं होतं. मूळच्या मुरगूडच्या. वडील गुऱ्हाळाच्या चरकांसाठी लोखंडी लाटा, म्हणजे ऊस पिळणारे रूळ, ओतायचे. गुऱ्हाळं कमी होत गेली तशी मागणी आटली, आणि थोरल्या लेकीनं, विज्ञानाची पदवी घेतलेल्या आणि लग्नाचा विषय निघाला की भट्टीकडं निघून जाणाऱ्या या बाईनं, कारखाना कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणला. आता तिथं पाण्याच्या मोठ्या नळांवर बसणाऱ्या व्हॉल्व्हचे सांगाडे ओतले जात. सगळे लोक त्यांना आक्काच म्हणत. वयानं मोठे असलेले दस्तगीर चाचासुद्धा. चाचा आमच्या साचेकामाचे मुख्य. काळ्या वाळूत हात घालून, ओल बरोबर आहे की नाही ते मुठीत दाबून सांगणारे. त्यांचं आणि आक्कांचं रोज एकदा भांडण व्हायचं आणि चहा एकाच किटलीतून यायचा.

आता जे घडलं ते सांगायचं तर आधी थोडं समजून घ्यावं लागेल. कंटाळू नका, आक्कांनी मला ते दोन वाक्यांत सांगितलं होतं.

आमचा बराच माल आखातातल्या एका बंदरात जायचा. तिथं बंदराला लागून एक मोठं कुंपण घातलेलं क्षेत्र आहे. सगळे त्याला फ्री झोन म्हणतात. त्या कुंपणाच्या आत माल उतरला तरी तो त्या देशात शिरला असं धरत नाहीत, म्हणून सीमाशुल्क द्यावं लागत नाही. माल तिथं ठेवायचा, आणि गिऱ्हाईक मिळेल तसा आजूबाजूच्या देशांत पाठवायचा. पुढं आपल्या देशाचा आणि तिकडच्यांचा व्यापार करार झाला. भारतात बनलेल्या मालावर तिकडं शुल्क माफ किंवा अगदी कमी. अट एकच: माल खरोखर भारतात बनलेला पाहिजे, आणि वाटेत त्याला कुणी हात लावलेला नको.

"म्हंजे बग," आक्का म्हणाल्या होत्या, "फ्री झोन ही धर्मशाळा हाय. पावण्यानं मुक्काम करावा, पर मुक्कामात नाव बदलून निघू नये."

आमचा माल तिकडं घेणारे व्यापारी होते सुरेशभाऊ. इचलकरंजीकडचे, पण बरीच वर्षं तिकडंच राहिलेले. फ्री झोनमध्ये त्यांचं मोठं गोदाम होतं. करार झाल्यावर ते पेढे घेऊन कारखान्यात आले. खूप हसले, चाचांना मिठी मारली, आणि मग केबिनचं दार लोटून घेत म्हणाले, "आक्का, आता आपलं नशीब उघडलं. तुमच्या कागदाला तिकडं सोन्याची किंमत हाय."

"कागदाला?"

"तुमच्या मालाच्या दाखल्याला. भारतात बनल्याच्या. माझ्याकडं दुसऱ्या देशातनं असंच ओतीव काम येतंय, लई स्वस्त. त्यांचा न् आखातवाल्यांचा करार न्हाय, म्हणून त्याला शुल्क बसतंय. आता असं करू. निम्मा माल तुमचा, निम्मा त्यांचा. झोनमध्येच त्याला दोन भोकं पाडतो, तुमचा निळा रंग देतो, तुमच्या पेट्यांत भरतो. नाव सगळ्याला तुमचं. तुमची ऑर्डर दुप्पट दिसंल, आन् निम्म्या मालाला तर भट्टी बी पेटवायला नगं. बसल्या जागी."

आक्कांनी पेढा अर्धा खाल्ला होता. उरलेला अर्धा त्यांनी खोक्यात परत ठेवला.

"पावणं," त्या म्हणाल्या. सुरेशभाऊंना त्या एरवी 'सुरेश' म्हणायच्या. 'पावणं' ऐकल्यावर मला कळलं की हा माणूस आता परका झाला. "मी ओतलेल्याला माझं नाव देतो. न ओतलेल्याला न्हाय देत."

"आक्का, सगळेच करत्यात."

"मग त्यांच्याकडं जावा की. माझ्याकडं कशाला आलासा?"

सुरेशभाऊंनी बरंच समजावलं. आवाज वाढला. शेवटी ते म्हणाले, "मग तुमचा माल बी मला परवडत न्हाय." आक्का उठल्या, दार उघडलं आणि म्हणाल्या, "जेवून जावा." ते जेवले नाहीत.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. आखाताचा माल म्हणजे आमच्या कामाचा मोठा भाग. भट्टी रोजच्याऐवजी एक दिवसाआड पेटू लागली. दोन पाळ्यांची एक पाळी झाली. चांगले साचेकार शेजारच्या कारखान्यांत जाऊ लागले, आणि आक्का स्वतः तिथल्या मालकांना फोन करून सांगायच्या, "माणूस गुणाचा हाय. नीट सांभाळा."

एकदा चाचा चहा घेताना म्हणाले, "आक्का, माझा पोरगा म्हणतो, नुसतं नावच द्यायचं होतं की. लोखंड काय बोलून दाखवणार हाय का कुठलं हाय ते?"

आक्का म्हणाल्या, "चाचा, तुम्ही काय म्हणता?"

चाचांनी बशीतला चहा संपवला. "मी काय म्हणणार? चाळीस वर्षं वाळूत हात घालतो. कुणी दुसऱ्यानं केलेलं माझं म्हणून खपवलं तर मला शरम वाटंल. न् माझं कुणी सोताचं म्हणून खपवलं तर मी त्याला फोडीन."

"झालं तर मग," आक्का म्हणाल्या. पण त्या रात्री जेवल्या नाहीत, असं त्यांच्या घरी काम करणाऱ्या मावशींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मग एके सकाळी त्यांनी मला बोलावलं. "पासपोर्ट हाय न्हवं तुझा? मी बी काढलाय. जाऊन बघू या ती धर्मशाळा."

आक्का आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या. खिडकीची काच टिचकीनं वाजवून बघितली, तेव्हा हवाईसुंदरी धावत आली. मी डोळे मिटून घेतले.

फ्री झोनच्या फाटकाशी मात्र त्या थांबून बघत राहिल्या. मैलोन्‌मैल गोदामं, रंगीत कंटेनरच्या उतरंडी, कुठल्या कुठल्या देशांचा माल शेजारी शेजारी निजलेला. आम्ही ओळखीनं एका गोदामात गेलो. तिथं दुसऱ्या देशातून आलेले व्हॉल्व्हचे सांगाडे रचलेले होते. अजून रंग न दिलेले, राखाडी. सुरेशभाऊ सांगत होते तसलाच हा माल. मला वाटलं, आता आक्का नाक मुरडणार. त्यांनी हातोडी काढली, एकाला ठोकलं. लांब, स्वच्छ आवाज निघाला. दुसऱ्याला ठोकलं. तसाच.

"बोलतंय की!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरंच उजळला. काठावरून अंगठा फिरवत राहिल्या. "बग, कड कशी साफ केलीया. कुणीतरी लई मन लावून ओतलंय रं ह्ये."

मी म्हणालो, "आक्का, हे आपल्या स्पर्धेतले आहेत."

"असूं देत की. तिथं बी एखादा चाचा असंल, वाळूत हात घालणारा. त्याचं नाव पुसून आपलं लावायचं व्हय? माझं नाव इकायचं न्हाय, ह्ये मला ठावं होतं. पर ह्यात दुसऱ्याचं बी नाव चोरायचं होतं, ह्ये आत्ता दिसलं मला."

तुम्हाला सांगतो, कराराची जाडजूड कलमं मी वाचली होती, सभांत भाषणं ऐकली होती. 'मूळ देश' या दोन शब्दांचा अर्थ मला त्या गोदामात, परक्या लोखंडावर ठेवलेल्या त्या अंगठ्याकडं बघताना कळला.

पण नुसतं हळवं होऊन परतायला आक्का आलेल्या नव्हत्या. मुक्कामात त्यांनी झोनमधल्या माणसांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. छोट्या गिऱ्हाइकांना माल लागतो तेव्हा काय करतात? कोल्हापुरातून मागवायचा तर समुद्रातून यायला फार वेळ लागतो, म्हणून ते जवळ मिळेल तो माल घेतात. आणि माल आधीच इथं येऊन पडलेला असेल तर? मग दोन दिवसांत दारात. आणि झोनमध्ये पडून राहिला तर त्याचं भारतीयपण जातं का? पेटी न फोडता, सीमाशुल्कवाल्यांच्या नजरेखाली राहिला तर जात नाही.

परत येताना विमानात त्यांनी ठरवूनच टाकलं. "आपूनच तिथं जागा घ्यायची. लहान. माल हितं पुरा करायचा. भोकं हितं, रंग हितं, तपासणी हितं. तिथं नुसता मुक्काम."

एकट्या आमच्या कारखान्याला ती जागा झेपणारी नव्हती. म्हणून आक्कांनी वसाहतीतल्या इतर लहान कारखानदारांना बोलावलं. त्यातल्या दोघा-तिघांकडं आमचे साचेकार गेलेले होते. आक्कांनी पिठलं-भाकरी आणि खर्डा मांडला आणि म्हणाल्या, "जागा आपल्या सगळ्यांची. पेटी ज्याची त्याची. कुणाची पेटी कुणी फोडायची न्हाय, कुणाचं नाव कुणी लावायचं न्हाय. पटतंय त्यानं बसा, न पटणाऱ्यानं बी जेवून जावा." एक जण उठून गेला. बाकीचे बसले. कोल्हापूरचे कारखानदार एका ताटात जेवतात हे ऐकून माझ्या वडिलांचा आठवडाभर विश्वास बसला नव्हता.

गाडी हळूहळू रुळावर आली. आधी थोडा माल, मग शेजारच्या देशातल्या पाणीपुरवठ्याच्या कामासाठी मोठी मागणी. आणि नेमकं तेव्हाच कळलं की तिकडचे सीमाशुल्क अधिकारी तपासणीला येणार आहेत. त्या फ्री झोनमधून खोट्या नावानं बराच माल गेल्याचं उघडकीला आलं होतं, आणि आता तिथून भारतीय म्हणून जाणाऱ्या प्रत्येक मालाकडं संशयानं बघत होते. तपासणीत आम्ही नापास झालो असतो तर आमचाच नव्हे, जेवणाला बसलेल्या सगळ्यांचा माल अडकला असता. वसाहतीत जो तो आपली कागदपत्रं पुन्हा पुन्हा तपासू लागला.

दोन अधिकारी आले. एक आपल्याकडचे, आणि तिकडची एक तरुण अधिकारी, डोक्याला रुमाल बांधलेली, अतिशय सभ्य आणि अतिशय चौकस. तिनं सगळं बघितलं आणि मग नेमका प्रश्न विचारला. "तुम्ही जे भंगार वितळवता ते कुठलं आहे?"

प्रश्न अडचणीचा होता. भंगार सगळीकडचं असतं. जुनी यंत्रं, मोडक्या गाड्या. काही जहाजातून बाहेरच्या देशांतून आलेलंही.

आक्का मराठीत बोलल्या, मी इंग्रजीत सांगत गेलो. "भंगार साऱ्या जगातलं हाय. लपवत न्हाय. आमच्याकडं काम करणारी माणसं बी ओडिशाची हाईत, बिहारची हाईत, शिरोळची हाईत. पर बाई, चला माझ्यासंगं."

त्यांनी तिला भट्टीपाशी नेलं. डोळ्यांना काळा चष्मा दिला. लोखंड पांढरंशुभ्र उकळत होतं. चाचांनी खूण केली, भट्टी कलली, आणि तो उजेड साच्यांतून साच्यांत पळत गेला. ती तरुण अधिकारी दोन पावलं मागं सरली आणि मग पुन्हा पुढं आली.

"ह्यात आता कुठला देश दिसतोय का बगा," आक्का म्हणाल्या. "ह्यातनं जे निघंल त्ये हितलं. रंग लावून बदलतंय त्ये नाव. वितळून बदलतंय ती जात."

मी भाषांतर करताना अडखळलो. पण तिला कळलं होतं. कराराचा नियमही तोच होता, फक्त फार लांबलचक भाषेत. तिनं थंड झालेले सांगाडे बघितले, वजनं बघितली, दुसऱ्या कारखान्यांतही गेली. निघताना आक्कांच्या कमरेकडं बोट दाखवून तिनं हसत काहीतरी विचारलं. आक्कांनी हातोडी तिच्या हातात दिली. तिनं एका सांगाड्याला जपून ठोकलं आणि मान तिरकी करून, अगदी आक्कांसारखीच, ऐकत उभी राहिली.

पुढं मंजुरी आली. आमच्या गोदामातून निघणारा माल त्या देशांच्या सीमेवर अडवायचा नाही, असं ठरलं. वसाहतीत त्या दिवशी कुणी फटाके लावले, कुणी जिलेबी वाटली. आक्का म्हणाल्या, "काम बगा, उद्याचा कंटेनर भरायचाय." पण त्यांनी त्या दिवशी चाचांशी भांडण केलं नाही, यावरून आम्ही काय ते ओळखलं.

सुरेशभाऊंचं गोदाम त्या तपासण्यांत बंद पडलं होतं. वर्षभरानं ते आले, पेढे न घेता. बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आक्का बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "सुरेश, जेवलास?" ते रडू लागले. "रडू नगंस. तिकडची भाषा तुला येती, माणसं तुला ठावं. आमच्या गोदामावर माणूस पायजे. पेटी फोडायची न्हाय, एवढंच काम." ते आजही तिथं आहेत, आणि मी सांगतो, त्यांच्याइतका कडक गोदामप्रमुख त्या कुंपणाच्या आत दुसरा नसेल.

शेवटी शेवटी आक्कांना धाप लागायची. रुग्णालयात ठेवलं होतं. त्या सकाळी फोन आला तेव्हा मी भट्टीजवळच होतो. त्यांच्या धाकट्या भावाचा आवाज. मी चाचांना सांगितलं. यंत्रांच्या आवाजातही सगळ्यांना कळलं, कारण चाचांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती.

भट्टीत लोखंड तयार होतं. ते तसंच सोडलं असतं तर आत गोठून बसलं असतं. कुणी हलेना. चाचा म्हणाले, "आधी ओता. तिचा माल हाय." त्यांनी स्वतः कळ दाबली. एकही साचा चुकला नाही, एक थेंब बाहेर सांडला नाही. शेवटचा साचा भरला आणि मग आम्ही जसे होतो तसे निघालो.

पंचगंगेच्या घाटावर मुरगूडची सगळी भावकी पांढऱ्या कपड्यांत उभी होती. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा आमची माणसं लांबच थांबली. अंगावर, हातांवर काळी वाळू होती. आक्कांच्या भावानं मागं वळून बघितलं आणि त्यांच्यासाठी आपली खांदा द्यायची जागा सोडली. चाचा पुढं झाले, मग ओडिशाचा एक साचेकार, मग शिरोळचे दोघे. तिरडी वर गेली. नव्याकोऱ्या हिरव्या बांबूंवर आमच्या साचेकारांचे हात काळेभोर उमटले होते, एकाशेजारी एक, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या त्या सगळ्या गर्दीनं त्यांना वाट करून दिली.